सरव्याची हळद

“मला कळलं नाही. परत सांगा,” असं म्हणून सर चष्मा काढायचे आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसायचे. समोरच्याला वाटायचं, माणूस जरा मंद दिसतो. मग तो पहिल्यापासून सांगायला लागायचा, आणि दुसऱ्यांदा सांगताना पहिल्या वेळी गाळलेलं काहीतरी त्याच्या तोंडून निघून जायचं. सरांचं सगळं काम त्या दुसऱ्या सांगण्यावर चालायचं, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. माझ्या काकीला, जमनाबाईला, ते कधीच उमगलं नाही. पहिल्या भेटीनंतर ती मला म्हणाली होती, “येवढा मोठा माणूस, डोक्याचे केस पिकले, अन् एक गोष्ट दोनदा सांगावी लागती. शाळंत पास कसा झाला असंल गं?”

काकी माझ्याशी गोरमाटीत, म्हणजे आमच्या बंजारा बोलीत बोलते. इथे मी तिचं बोलणं आमच्या भागातल्या मराठीत लिहिते आहे. सरांशी ती अशाच मराठीत बोलायची.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा आमच्या बंजारा वस्तीतली, तांड्यावरची, म्हणजे मी जिथे जन्मले तिथलीच. लग्नानंतर घर मात्र शिरड शहापुरात. घरामागे एक खोली रिकामी होती. संक्रांतीच्या थोडं आधी एका कंपनीचा माणूस जीप घेऊन आला, भाडं ठरवलं आणि सरांना आमच्या दारात उतरवून गेला. पन्नाशी उलटलेली, अंगाने सुटलेले, पायात कॅनव्हासचे बूट, सामानात एक बॅग आणि एक नवाकोरा प्रेशर कुकर. तो कुकर त्यांनी कधीच वापरला नाही. पहिल्याच आठवड्यात ते आमच्याबरोबर जेवायला बसू लागले आणि मग तीच रीत पडली. माझे यजमान एसटीत कंडक्टर, ड्यूटीवरून दमून यायचे. ताटावर सर त्यांना विचारायचे, गाडीत पुढच्या सीटवर कोण बसतं आणि मागच्या सीटवर कोण, आणि ते कुणी ठरवलं? यजमान घास हातात धरून विचार करत राहायचे. “इतकी वर्षं तिकिटं फाडली, हे कधी पाहिलंच नाही,” असं ते मला नंतर म्हणाले.

सर काय काम करतात हे कळायला गावाला वेळ लागला. कोणी म्हणे विम्याचे, कोणी म्हणे मतदानाचा अंदाज काढणारे. किराणा दुकानदाराची खात्री होती की हा भेसळ पकडणाऱ्या खात्याचा माणूस आहे, कारण त्याला त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, इथे घरोघर हळद पिकते, मग तुमच्याकडची पुड्यातली हळद कोण घेतं? त्याने त्या दिवशी सगळ्या पुड्या आत नेऊन ठेवल्या.

खरं म्हणजे ते मानववंशशास्त्र शिकलेले. आधी कॉलेजात शिकवायचे, मग ते सोडून कंपन्यांसाठी आणि सरकारी खात्यांसाठी काम करू लागले. कागदावर चांगली दिसणारी योजना गावात गेल्यावर का रुजत नाही, हे शोधायचं. त्यासाठी गावात येऊन राहायचं, लोक काय करतात ते बघायचं, का करतात ते विचारायचं. तुम्हीही असे लोक पाहिले असतील. बहुतेकजण दोन दिवस येतात, फोटो काढतात आणि जातात. सर हळदीचा एक पूर्ण हंगाम राहिले.

त्यांना दिलेला प्रश्न साधा होता. ही कंपनी आमच्या भागातली हळद परदेशात पाठवायची. झाडं न तोडता, धूर न करता शिजवलेली हळद, असं तिला पोत्यावर छापायचं होतं. त्यासाठी तिने आणि एका सरकारी खात्याने मिळून शेतकऱ्यांच्या गटांना वाफेवर हळद शिजवायची यंत्रं दिली होती. त्यांना लाकूड लागत नाही, भुशाच्या कांड्यांवर चालतात. यंत्रं चालत होती, शेतकरी खूश होते. तरीही कालव्याच्या कडेची बाभळ दर हंगामात कमी होत होती, आणि तपासणीला येणाऱ्या माणसांना कुठून कुठून धूर दिसत होता. हे लाकूड जळतं कुठे, एवढंच कंपनीला हवं होतं.

शाळा सुटली की मी त्यांच्याबरोबर तांड्यावर फिरायची, कारण बायका एकट्या पुरुषाशी बोलायला लाजायच्या. काकी लाजत नव्हती. तिनेच त्यांना पहिल्यांदा उलट विचारलं, “तुमी हे समदं इचारता, मंग त्याचं काय करता?”

“कंपनीला सांगतो,” सर म्हणाले.

“मंग कंपनी काय करती?”

“ऐकते.”

“ऐकून?”

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि ते हसले. त्या वेळी आम्हा दोघींनाही ती गंमतच वाटली.

लाकूड जळायचं ते काकीच्याच घरामागे. काकीच्या आणि तांड्यातल्या जवळपास सगळ्या घरांमागे.

ते कसं, ते सांगते. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचं पाणी आल्यापासून आमच्याकडे रानंच्या रानं हळदीची झाली. पाला कापायचा, जमीन उकरायची, गड्डे वेचायचे. एवढं झालं तरी मातीत थोडी हळद राहतेच. मालकाचं वेचून झालं की रान मोकळं. मग बायका खुरपी घेऊन जातात आणि मातीत राहिलेलं वेचून आणतात. त्याला सरवा म्हणतात. भुईमुगाचा असतो तसाच हळदीचा. त्यावर मालक हक्क सांगत नाही. काकी तिच्या आईबरोबर जायची, मी लहानपणी काकीबरोबर गेले आहे. ही सरव्याची हळद बायका घरामागे तीन दगडांवर डेग ठेवून शिजवतात, छपरावर वाळवतात आणि फिरत्या व्यापाऱ्याला विकतात. लाकूड लागायचं ते या डेगीखाली.

सर स्वतः सरवा वेचायला गेले. उन्हात वाकून वाकून त्यांचं तोंड लाल झालं. संध्याकाळी त्यांच्या पिशवीत मूठभर हळकुंडं आणि पुष्कळ ढेकळं निघाली. बायकांनी पिशवी उलटी करून ढेकळं त्यांच्या बुटावर ओतली आणि खूप हसल्या. सरही हसले. तेव्हापासून ते काकीला याडी म्हणू लागले. याडी म्हणजे आमच्या बोलीत आई. काकी त्यांच्याहून फार मोठी नसेल, पण तिने ते चालवून घेतलं.

मधे तांड्यात एक लग्न झालं. नवऱ्या मुलाला हळद लावत होते, वाजंत्री जोरात होती, आणि सर त्या गर्दीत शिरून मुलाच्या मामीला विचारत होते की ही हळद विकतची की सरव्याची. मामी चिडली. मग काकीने त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं आणि सांगितलं, “लग्नाची हळद सरव्याचीच असती. इकतची कोन लावंल लेकराला?” सर म्हणाले, “मला कळलं नाही. परत सांगा.” काकीने परत सांगितलं. दुसऱ्या वेळी तिने हेही सांगितलं की दत्तरावांची बायको बांधाच्या कडेच्या सऱ्या मुद्दाम नीट उकरू देत नाही. मजूर म्हणून वेचणाऱ्या बायका तांड्यातल्याच. त्या तिथे हातचं राखून वेचतात, तिला ते दिसतं, आणि ती तोंड फिरवून पाणी प्यायला जाते. तिच्या सासूचंही असंच होतं. दत्तराव म्हणजे आमच्या गावातले हळदवाले शेतकरी. त्यांचं रान तांड्याला लागून आहे.

त्या दिवशी घरी येताना सर कालव्यावर थांबून पाण्याकडे बघत राहिले.

आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली, जी माझ्या डोळ्यांसमोर असून मी कधी जोडून पाहिली नव्हती. दिवाळीनंतर आमच्या तांड्यातली तरणी माणसं ऊसतोडीला जातात, पार पश्चिमेकडच्या कारखान्यांवर. आसपासच्या कितीतरी तांड्यांवरची लेकरंही त्यांच्याबरोबर जातात आणि शाळा ओस पडतात. माझ्या शाळेत मात्र पोरं असायची. मला वाटायचं, माझ्या शिकवण्यामुळे. सरांनी घराघरात विचारून पाहिलं. पोरं मागे राहायची ती आज्यांजवळ, आणि आज्यांची चूल त्या महिन्यांत सरव्यावर चालायची. जमनाकाकीजवळ तिची तीन नातवंडं अशीच राहिलेली होती. हे सरांनी मला हळूच सांगितलं, वाईट वाटू नये अशा बेताने. मला थोडं लागलंच. पण ते खरं होतं.

होळीला त्यांनी तांड्यात लेंगीच्या गाण्यावर पाय हलवले. नाच म्हणता येणार नाही. दुसऱ्या दिवशी ते गेले. जाताना म्हणाले, उपाय फार सोपा आहे. दिवसाचं काम झाल्यावर ते यंत्र बराच वेळ गरम असतं. त्या वेळी बायकांची हळद त्यात शिजवू द्या. लाकूड लागणार नाही, धूर होणार नाही, बाभळही वाचेल. ते तसंच कंपनीला लिहून देणार होते. त्यांना इतकं आनंदात मी आधी पाहिलं नव्हतं.

श्रावणात हिंगोलीला बैठक झाली. एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर, पडदे लावून. सरांनी आग्रह केला म्हणून मला आणि काकीला बोलावणं आलं होतं. काकीने ठेवणीतली ओढणी घेतली होती. कंपनीचे लोक होते, सरकारी अधिकारी होते, काही शेतकरीही होते. चहा, बिस्किटं, सगळं नीट. कंपनीची एक तरुण अधिकारी बोलायला उभी राहिली. बोलणं गोड, वागणं अदबीचं, तिने काकीला स्वतः खुर्ची दिली होती. तिने पडद्यावर एकेक चित्र दाखवायला सुरुवात केली, आणि मधेच काकीच्या घराचा मागचा भाग दिसला. तीन दगड, डेग, वर धूर. काकी मला कोपराने ढोसून म्हणाली, “आपलं घर.” चित्राच्या वर एकच शब्द लिहिला होता. काकीला वाचता येत नाही. मी वाचला. गळती.

ती अधिकारी सांगत होती की योजनेबाहेर जळणारं लाकूड म्हणजे गळती, आणि ती कुठे होते ते या अभ्यासामुळे आता समजलं आहे. बायकांची हळद यंत्रात घेता येणार नाही, कारण ती कुठल्या रानातली ते सांगता येत नाही, आणि कंपनीच्या प्रत्येक पोत्यातली हळद कुठल्या रानातली ते सांगता आलं पाहिजे. म्हणून एक सोपा नियम केला आहे. मालकाची हळद वेचून झाली की त्याच दिवशी रानात रोटाव्हेटर फिरवायचा. मातीत राहिलेली हळद मातीतच जाईल, तिचं खत होईल. धूर आपोआप थांबेल. जो शेतकरी हे पाळेल त्याची हळद चढ्या भावाने घेतली जाईल.

सर मागच्या रांगेतून उठले. “मला कळलं नाही. परत सांगा.”

तिला वाटलं, त्यांना खरंच कळलं नाही. तिने तेवढ्याच गोडीने परत सांगितलं. दुसऱ्या सांगण्यात काहीच नवीन निघालं नाही. सर उभेच राहिले. मग ते आज्यांबद्दल बोलले, पोरांबद्दल, शाळेबद्दल, गरम यंत्राबद्दल. आवाज चढला नाही, पण शब्द एकमेकांवर आदळत होते. सरकारी अधिकाऱ्यांनी मान हलवत ऐकलं आणि ते म्हणाले की मुद्दा विचार करण्यासारखा आहे, पण योजनेत त्याची तरतूद नाही. मग जेवणाची वेळ झाली.

काकीने मला विचारलं, “सर काहून असे बोलून राहिले? काय झालं?” मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगते.

परतीच्या बसमध्ये ते आमच्या पुढच्या सीटवर होते. औंढा मागे पडल्यावर मागे वळून मला म्हणाले, “दत्तरावांच्या बायकोचं मी लिहिलं नाही. ते एकच ठेवलं माझ्याजवळ.” पुन्हा पुढे तोंड करून बसले. त्या रात्री त्यांनी आमच्याकडे जेवण घेतलं नाही, खोलीचं दार लावून घेतलं.

सकाळी ते एकटे तांड्यावर गेले. मी शाळेत पोचले तेव्हा बायका काकीच्या अंगणात जमलेल्या होत्या आणि सर त्यांना सगळं सांगून मोकळे झाले होते. काय होणार, का होणार, कुणाच्या सांगण्यावरून होणार. शेवटचं, म्हणजे स्वतःचं नाव, त्यांनी लपवलं नव्हतं. कुणी चिडलं नाही. मला वाटतं, त्यांचा विश्वास बसला नव्हता. रान काय कुणी बंद करतं का?

मग सर म्हणाले, “यापुढे कोणी काही विचारायला आलं तर सांगू नका. कितीही चांगला माणूस असला तरी सांगू नका. मी आलो तरी नका सांगू.”

काकी म्हणाली, “तुमी इचारलं म्हनून आमी सांगितलं. न्हाईतर आमाला कोन इचारतंय?”

त्यावर ते उठून बाहेर गेले.

कंपनीचं काम त्यांनी सोडलं. आणखी दोन-तीन कामं हातात होती, तीही सोडली असं नंतर कळलं. दसऱ्यापर्यंत ते हिंगोलीला खेपा घालत होते, या कचेरीतून त्या कचेरीत. मधेच आमच्या घरी यायचे, खोलीत पडून राहायचे. सगळीकडे लोक नीट वागत होते, बसा म्हणत होते, चहा देत होते. ते मला एकदा म्हणाले, कोणी अंगावर ओरडलं असतं तर बरं झालं असतं, निदान कुणाशी भांडायचं ते तरी कळलं असतं.

पुढच्या हंगामात, काढणी सुरू झाली तेव्हा, ते आले. या वेळी कुणी पाठवलेलं नव्हतं. दत्तरावांच्या रानात हळद वेचून झाल्याचा निरोप तांड्यावर आला तशा बायका नेहमीसारख्या खुरपी घेऊन निघाल्या. रविवार होता, मी बरोबर होते. आम्ही बांधावर पोचलो तेव्हा ट्रॅक्टर रानात शिरलेला होता. मागे रोटाव्हेटर गरगरत होता आणि माती पिठासारखी बारीक होऊन मागे पडत होती. कडेच्या सऱ्याही सुटल्या नाहीत. दत्तरावांची बायको त्या दिवशी रानात आली नव्हती.

दत्तराव स्वतः बांधावर उभे होते. काकीकडे न बघता ते मला म्हणाले, “बाई, मला काय हौस हाय का? मी सही करून बसलो. उद्या तपासायला येतेत. माजी हळद परत धाडली तर मी कुटं जाऊ?” त्यांचंही काही खोटं नव्हतं. त्यांनी बायकांना घरून थोडी हळद न्या असंही सांगितलं. कोणी गेलं नाही. सरवा मागून आणायचा नसतो.

दोघी-तिघी बायका ट्रॅक्टरच्या मागे चालत राहिल्या. मातीत पिवळे तुकडे दिसत होते, पात्यांनी चिरलेले. तसे तुकडे वाळत नाहीत, कुजतात. तरी त्या वेचत होत्या. सर बांधावर बसून होते. काकीने ओंजळभर तुकडे आणून त्यांना दाखवले. काय दाखवायचं होतं कुणास ठाऊक. त्यांनी ते बघितले आणि हात पुढे केला, तिने ते त्यांच्या हातात ठेवले. बराच वेळ त्यांच्या मुठीतून पिवळं पाणी मनगटावर येत होतं.

त्याच हंगामात कंपनीकडून एक मुलगी आली. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, उन्हाने घामेजलेली. नव्या नियमामुळे तुमच्या जीवनमानात काय फरक पडला, असा तिचा पहिला प्रश्न होता. काकीने तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, “माहीत न्हाई बाई.” सरवा वेचत होता का? माहीत नाही. लाकूड कुठून आणता? माहीत नाही. घरात माणसं किती? काकीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “ते बी माहीत न्हाई.” मुलीला वाटलं, बाईला भाषा समजत नाही. ती पुढच्या घरी गेली. तिथेही तेच उत्तर मिळालं. सरांनी सांगितलेलं तांड्याने इतकं बरोबर पाळलं. मला त्या मुलीची दया आली.

त्या वर्षी आज्यांनी कसंबसं रेटलं. पुढच्या दिवाळीनंतर ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी आली तेव्हा काकीही गाडीत चढली. तिची तीन नातवंडं चढली, पत्र्याची पेटी चढली, गोधड्या, कोंबड्या, सगळं. “मला ऊस तोडवत न्हाई,” ती म्हणाली, “पर लेकरं तरी समोर ऱ्हातील.” सगळ्या घरांचं तसंच. सोमवारी शाळा उघडली तेव्हा वर्गात दोन पोरं होती. त्यातला एक दुपारनंतर आला नाही. आता शाळा चालू ठेवायची की नाही याची विचारणा सुरू आहे. मला दुसरीकडे नेमतील. माझं काही अडणार नाही.

थंडीत सर आले. आधी कळवलं नव्हतं. मी त्यांना ओळखलं ते आवाजावरून, इतके उतरले होते. शर्ट खांद्यावरून ओघळत होता. चहा नको म्हणाले, सरळ तांड्याकडे निघाले. मी बरोबर गेले. काकी ऊसतोडीला गेली हे मी वाटेत सांगितलं, त्यांनी नुसती मान हलवली. तांड्यात दारं लावलेली, दारांना आडव्या काट्या लावलेल्या. एक म्हातारा तेवढा राहिला होता, ज्याला दिसत नाही. तो उन्हाला बसला होता. पावलांचा आवाज ऐकून त्याने कोण म्हणून विचारलं. मीच माझं नाव सांगितलं.

काकीच्या घरामागे ते तीन दगड होते. पावसाने काजळी धुऊन गेली होती, त्यांच्यामध्ये गवत उगवून वाळलेलं होतं. धूर खरंच थांबला होता. कालव्याकडेची बाभळही, खरं सांगायचं तर, वाढायला लागली आहे. ते सरांनी पाहिलं आणि मला दाखवलं. “हे खोटं नव्हतं त्यांचं,” ते म्हणाले. काकीच्या ओट्यावर ते उन्हं कलेपर्यंत बसले. मी बोलायचा प्रयत्न केला, यजमानांची बदली, गावातली लग्नं. ते ऐकत होते, पण एकही प्रश्न विचारत नव्हते. हे मला फार जड गेलं. संध्याकाळच्या गाडीने ते परत गेले.

माघ संपता संपता त्यांच्या नंबरवरून फोन आला. मी “सर, बोला” म्हटलं. पलीकडे एक बाई होती. ती म्हणाली, मी त्यांची बहीण. ते आठ दिवसांपूर्वी गेले, झोपेत, हृदयाचं होतं. फोनमध्ये ज्यांची नावं आहेत त्यांना एकेक करून कळवते आहे. तुमचं नाव “बाई, शिरड” असं आहे, तुम्ही कोण? मी म्हटलं, ते आमच्याकडे राहायचे. ती म्हणाली, असं होय. तिला पुढचे फोन करायचे होते. तिने फोन ठेवला.

काकीला फोन करता आला असता, तिच्या मुलाजवळ मोबाइल आहे. पण उसाच्या फडात, कोयते चालू असताना, ही बातमी कशी सांगायची? मी थांबले. उन्हाळ्यात, आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आधी गाड्या परत आल्या. दुसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेले. काकी पेटीतलं सामान काढून उन्हात घालत होती. वाळली होती, तोंडावर काळपटपणा आला होता. नातवंडं मोठी दिसत होती आणि माझ्याजवळ यायला लाजत होती.

मी तिला सांगितलं. ती हातातली गोधडी तशीच घेऊन खाली बसली.

“कशानं?”

मी सांगितलं.

“बायकू हाय का त्याची?”

मी म्हटलं, बहीण होती फोनवर. बायकोचं माहीत नाही.

“लेकरं?”

माहीत नाही.

“माय हाय का? त्याचं गाव कोनतं?”

मला शहराचं नाव माहीत होतं, जिथे त्यांची खोली होती. गाव माहीत नव्हतं. काकीच्या दोन लेकी लहानपणी कशाने गेल्या, तिच्या नवऱ्याने तिला कधी टाकली आणि परत कधी आणली, माझ्या सासूशी माझं पहिली पाच वर्षं का पटलं नाही, हे सगळं सरांना माहीत होतं.

“तुज्या घरी जेवत होता ना गं?” काकी म्हणाली. “तू कदीच इचारलं न्हाईस?”

“नाही,” मी म्हटलं. “तू?”

तिने मान हलवली. गोधडीची घडी घातली, परत मोडली. बाहेर पोरं ओरडत आली की नळाला पाणी आलंय. तिने घागर उचलली आणि दाराशी थांबली.

“त्या बहिनीला फोन लाव. म्या पानी घेऊन येते. मला समदं इचारायचंय तिला.”

मी फोन काढला. बहीण बोलली होती ती सरांच्याच नंबरवरून; दुसरा नंबर माझ्याजवळ नव्हता. मी लावून पाहिला. तो बंद झाला होता. पुन्हा लावला. काकी घागर भरून, ओल्या पायांनी परत आली, डोक्यावरची घागर खाली ठेवून माझ्यासमोर येऊन बसली, आणि पदराने हात पुसून तिने फोनसाठी हात पुढे केला.